रोपाचे वय आणि दिव्याचा प्रकाश

नाशिक शहरात अलीकडे सदनिका वाढल्या आणि अंगणे कमी झाली. तुळस, मिरची, कोथिंबीर ह्यांच्या वाट्यास आता खिडकीचा कट्टा किंवा घरातील एखादा कोपराच येतो. जेथे ऊन पोहोचत नाही तेथे विजेच्या दिव्यावर रोपे वाढवावीत, असा विचार त्यामुळे पुष्कळांच्या मनात येतो. आणि कोणता दिवा घ्यावा, असे आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात. पवित्र शास्त्रात वनस्पती तिसऱ्या दिवशी व सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाल्याचे वर्णन आहे. प्रकाश मात्र पहिल्याच दिवशीचा. तेव्हा दिव्यावर रोप वाढते ह्यात नवल नाही. परंतु दिवा निवडण्यापूर्वी रोपाचे वय विचारले पाहिजे, असे आमचे मत आहे.

धान्याचे बी रुजत असते तेव्हा त्यास प्रकाशाची गरज नसते. नवरात्रात घरोघर घट बसतात. घटाभोवतीच्या मातीत पेरलेला गहू देवघरातील अंधुक उजेडात नऊ दिवसांत चांगला उंच होतो आणि दसऱ्यास ते पिवळे तुरे लोक टोपीत व केसांत खोवतात. त्यांची उंची पाहून रोप जोमदार आहे असा भास होतो. वस्तुतः ते दाण्यातील शिदोरीवर जगत असते व प्रकाशाच्या शोधात लांबत असते. हरितद्रव्य तयार न झाल्यामुळे शिदोरी सरताच ते मान टाकते. उंची म्हणजे वाढ नव्हे, हा धडा येथेच मिळतो.

म्हणून अंकुर मातीबाहेर डोकावताच दिवा लावावा. ह्या वयात निळा अंश असलेला शुभ्र प्रकाश हितकर असतो. त्याने खोड आखूड व बळकट राहते. पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यांपासून वीतभर उंचीवर टांगून दररोज 14 ते 16 तास लावली म्हणजे घरगुती काम भागते. जुन्या तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच जाते व कोवळी पाने करपतात. आपल्या डोळ्यांवर मात्र विसंबू नये. वाचावयास पुरेसा वाटणारा उजेड सुमारे 300 ते 500 लक्स असतो, तर भर दुपारचे ऊन सुमारे 1,00,000 लक्स असते.

पुढे पानांची संख्या वाढू लागली म्हणजे प्रकाशही वाढवावा. पण तो क्रमाक्रमाने. जळगावकडील ऊतिसंवर्धित केळीचे उदाहरण घ्या. बाटलीतील इवलेसे रोप खाद्यातील साखरेवर पोसत असल्यामुळे त्यास ट्यूबचा सौम्य प्रकाश पुरतो. बाटलीतून काढल्यावर ते आधी दमट हरितगृहात, मग जाळीच्या सावलीत व शेवटी शेतात जाते. बाटलीतून थेट उन्हात ठेविले तर ते सुकून जाईल.

फुलोऱ्याच्या वेळी प्रकाशाबरोबर अंधाराचाही हिशेब ठेवावा लागतो. दिवसाच्या लांबीवर अनेक वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हे गार्नर व ॲलार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली प्रसिद्ध केले. आपली शेवंती त्यांपैकीच एक. रात्री मोठ्या झाल्या म्हणजे ती कळ्या धरते. हरितगृहातील बागाईतदार मध्यरात्री काही काळ दिवे लावून तिचा बहर मुद्दाम लांबवितात. बैठकीच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली राहिलेली शेवंती हिरवीगार दिसते, परंतु फुलत नाही. तिला त्या वेळी दिवा मालवूनच साह्य करता येते.

शिक्षकास ह्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. दहा वर्षांच्या मुलास अठराव्या वर्षीच्या परीक्षेच्या शिकवणीस बसविणारे पालक आम्ही पाहतो. बाटलीतील रोप उन्हात ठेवण्याचाच हा प्रकार होय. उलटपक्षी, सारे काही आयते मिळालेले मूल घटाच्या गव्हासारखे झरझर वर जाते आणि शिदोरी सरताच वाकते. परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्र उलटेपर्यंत दिवा जळत ठेवण्यात ज्यांना भूषण वाटते, त्यांनी शेवंतीकडे एकवार पाहावे. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांस ओळखतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक विद्यार्थिदशेत ह्याच नाशकात राहिले होते. फुले आणि मुले ही जोडी त्यांनी आपणांस परिचयाची करून दिली. दोहोंची निगा राखण्याचे काम आपले आहे. दिवा बाजारात विकत मिळतो. तो कोणत्या वयात किती द्यावा व केव्हा मालवावा, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी रोज पाहून ठरवावयाचे असते.