आमेन म्हटल्यावर

नगर,
रविवार, उपासनेनंतर

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. फोनवर तू "सगळं ठीक आहे गं आत्या" एवढंच म्हणतेस, त्यामुळे पाकीट जाड लागलं तेव्हाच काळजात चर्र झालं. तुझ्या लेकीचा, चिमूचा, आजार आता कागदावर आला. रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्याचा. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग दोन्ही बाजूंची नजर आक्रसत जाते, आणि पुढे किती राहील ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. काही मोजक्या प्रकारांवर परदेशात उपचार निघाले आहेत, पण सगळ्यांना लागू पडेल असं औषध आज नाही, हेही त्यांनी तुला स्पष्ट सांगितलं. मला ते डॉक्टर आवडले. खोटी आशा देणाऱ्यांपेक्षा असा माणूस बरा.

पण तुझ्या पत्रातलं मला जास्त लागलं ते शेवटचं पान. शाळेच्या बाई म्हणाल्या, नजर आहे तोवरच ब्रेल सुरू करा. आणि कुणाच्या आग्रहाखातर तू ज्या चंगाई सभेला गेलीस, तिथल्या माणसाने तुला बाजूला घेऊन सांगितलं की ब्रेल घरात आणणं म्हणजे देवाच्या सामर्थ्यावर अविश्वास दाखवणं. चष्मासुद्धा काढून टाका म्हणाला. आणि तू विचारतेस, "आत्या, ब्रेल आणलं तर मी प्रार्थना सोडून दिली असं होईल का?"

नाही होणार. कुटुंबप्रार्थनेत आज रात्री चिमूच्या डोळ्यांसाठी माग, अगदी पदर पसरून माग, आणि उद्या सकाळी ब्रेलची पाटी आण. ही दोन्ही कामं एकाच विश्वासाची आहेत. चष्मा तर मुळीच काढायचा नाही.

त्या माणसाचा मला फार राग आला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय त्याने वाचला असेलच ना? जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी पहिलं काय विचारलं? पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. दोन हजार वर्षं झाली, तरी आजारी लेकराच्या आईला गाठून तिच्या विश्वासाचं वजन करणारे लोक अजून आहेतच. ज्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, तिच्याच पदरात दोष घालायचा, हे ख्रिस्ताचं काम नव्हे. मी हे तुझ्या पाळकसाहेबांपुढेही बोलेन.

आता पंडिता रमाबाईंबद्दल. तू म्हणशील, आत्याला दुसरं कुणी सुचतच नाही. पण त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव काढलं की आपल्याकडे सगळे दुष्काळ सांगतात, आणि मला तुला बाईंच्या कानांचं सांगायचं आहे.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. नवरा वर्षभरापूर्वी पटकीने गेलेला, लेक मनोरमा दोन वर्षांची. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत आणि तशाच मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मागणं किती चांगलं होतं बघ! आणि तिथे जाऊन कळलं की ऐकू कमी येतंय, वैद्यकी जमणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवा विश्वास, नवा देश, आणि ज्याच्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद. कान पुढे सुधारले नाहीत, वयाबरोबर बहिरेपण वाढतच गेलं. इतक्या प्रार्थना करणारी बाई, जिच्या प्रार्थनेच्या गोष्टी आपण संडे स्कूलमध्ये मुलांना सांगतो, ती कानांनी अधू होती आणि अधूच राहिली. हे आपण संडे स्कूलमध्ये का सांगत नाही, मला कळत नाही.

त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या, संस्कृत शिकवलं, अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे वादळ उठलं तेही प्रार्थनेवरूनच. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करत ती दार उघडं ठेवून, ज्या मुलीला वाटेल तिने येऊन बसावं. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर निभावलं असतं. त्यांनी लावलं नाही. मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांचं म्हणणंही मला समजतं, संस्था धर्माबाबत तटस्थ राहील या मुलींच्या घरच्यांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पण बाईंना लपूनछपून देवाशी बोलणं जमलं नसतं, हेही मला तितकंच समजतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवली आहे. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त भेटला तो बऱ्याच वर्षांनी. मध्ये आठेक वर्षं गेली. पंडितेला आठ वर्षं लागली, बाळ. "माझ्या मनात अजून शंका येतात" म्हणून तू एवढी का लाजतेस?

1896 सालची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी सांगते. लोणावळ्याच्या सभेला त्या आपल्या 15 मुली घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी मागितलं, देवा, या संख्येचा वर्ग कर. म्हणजे 225. गणित मांडून केलेली प्रार्थना मला फार आवडते. आपण मागतो तेव्हा असं गुळमुळीत मागतो की मिळालं की नाही हेही कळू नये! त्याच साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्यांच्या मनात त्यांचा स्वतःचा दुष्काळ उभा राहिला असेल. आईवडील आणि बहीण उपासमारीत गेलेली. त्या आणि त्यांचा भाऊ पायी देशभर हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा बहीणभावांनी वाळूत खड्डे खणून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. ज्या बाईने अशी रात्र काढली तिला दुष्काळाची बातमी नुसती वाचून ठेवून देता येईना.

पैसा पाहावा तर हातात नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांचा भार उचलला होता तो शारदा सदनाचा, दुष्काळातल्या मुलींचा नव्हे. तरी त्या गेल्या, आणि जवळजवळ तीनशे मुली घेऊन आल्या. प्रार्थना ऐकली गेली, हो ना? पण ऐकली गेली म्हणजे दारात काय आलं ते बघ. हाडांचे सापळे आले. जुलाब, खरूज, उवा आल्या, आणि जेवण दिसलं की एकमेकींच्या ताटावर तुटून पडणारी पोरं आली. काही वाचलीही नाहीत. त्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवायची सोय उरली नाही. केडगावला रेल्वेलगत बाईंनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, संस्थेला थोडं उत्पन्न व्हावं म्हणून. त्या उघड्या माळावर राहुट्या आणि छपरं टाकून मुक्ती सुरू झाली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर माणसं दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, चुली मांडल्या, माग घातले, छापखाना घातला.

प्रार्थनेचं उत्तर म्हणजे ओझं उतरणं, असं आपण धरून चाललो आहोत. रमाबाईंच्या आयुष्यात ते बहुतेक वेळा ओझं वाढूनच आलं, आणि उचलायचं बळही त्याच्याबरोबर आलं. अशक्य म्हणून जे दिसत होतं ते त्यांच्यासाठी बाजूला सरलं असं नाही. आमेन म्हटल्यावर त्या उठल्या आणि कुदळ शोधायला गेल्या.

त्या मुलींत अंध मुलीही होत्या. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या तेव्हा ब्रेल शिकून आल्या, आणि त्या मुलींना वाचायला शिकवलं. दुष्काळात ज्यांना लोकांनी मेल्यात जमा धरलं होतं, त्या आंधळ्या पोरी पवित्र शास्त्र वाचायला लागल्या, टोपल्या विणायला लागल्या, दुसऱ्यांना शिकवायला लागल्या. तेव्हाही मुक्तीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होतच असत, रात्र रात्र होत. पण "डोळे येतील, थांबा" म्हणून कुणी ब्रेल पेटीत ठेवून दिलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळतं.

केडगावला मी एका आजींना वाचताना पाहिलं आहे. ब्रेलचं पुस्तक म्हणजे केवढं जाड, एकच शुभवर्तमान मांडीवर मावत नव्हतं. उजव्या हाताचं बोट पुढे पळत होतं, डावा हात ओळीची सुरुवात धरून बसला होता, उजवं बोट ओळीच्या टोकाला पोचायच्या आत डावं पुढच्या ओळीवर उतरलेलं. ओठ हलत नव्हते. मी विचारलं, वाचताना मध्ये बोलले तर चालेल का? म्हणाल्या, "थांबा, एवढा अध्याय होऊ द्या." मी मुकाट्याने बसले.

आता एक अवघड गोष्ट लिहिते. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं मनावर घेतलं. दोन्ही भाषा उतारवयात शिकल्या, मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवले, जवळजवळ अठरा वर्षं काम चाललं. शेवटची मुद्रितं राहिली असताना त्या फार आजारी पडल्या, देवाकडे दहा दिवस मागितले, मुद्रितं तपासून संपवली आणि 5 एप्रिल 1922 रोजी झोपेतच गेल्या, अशी आठवण आपल्या मंडळ्यांत सांगतात. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकली आहे. पण त्याच्या आधीच्या जुलैत, 1921 साली, मनोरमाबाई गेल्या. चाळिशीतली एकुलती एक मुलगी, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती. त्या आईने तेव्हा काय मागितलं असेल ते तुला मी सांगायला नको. दहा दिवस मिळाले, आणि लेक मिळाली नाही. एकाच बाईला, एका वर्षाच्या आत. मला दोन्ही गोष्टी तुला एकत्र सांगायच्या होत्या, कारण पहिली एकटी सांगितली की ऐकणाऱ्या आईच्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं होतं. असं का, याचा उलगडा मला झालेला नाही. पण लेक गेल्यावरही त्या मुद्रितं तपासत होत्या, आणि 1924 साली ते बायबल पुरं छापून निघालं. पौलानेही तीनदा विनवलं होतं आणि त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. गेथशेमानेत खुद्द प्रभूने प्याला टळो म्हणून मागितलं. म्हणजे "नाही" ऐकणाऱ्यांत तू एकटी नाहीस, आणि तिथे विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती नाही.

म्हणून तू माग. देव डोळे बरे करू शकतो असं मी मानते आणि तसं रोज मागते. रमाबाईंसारखं नेमकं माग, चिमूच्या कडेच्या नजरेसाठी, रात्रीच्या दिसण्यासाठी. राग आला तर रागाने माग, स्तोत्रकर्त्यांनीही मागितलं आहे. धगधगत्या भट्टीपुढे उभे राहून दानीएलाच्या पुस्तकातल्या त्या तिघांनी राजाला काय सांगितलं होतं? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे दोन्ही एका दमात म्हणता येतं. मला वाटतं तेच सगळ्यात मोठ्या विश्वासाचं बोलणं आहे.

आणि चिमूला यातून वगळू नकोस. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून कुणी रडत रडत प्रार्थना केली की तिला वाटतं आपल्याकडून काही गुन्हा झाला. तिलाच विचार, काय मागू या? मागे मी विचारलं तर म्हणाली होती, संध्याकाळच्या खेळात मला कुणी 'लिंबू टिंबू' करू नये असं माग. ते आपण दोघी मागू या, आणि शेजारच्या पोरांशीही बोलू या.

आता कामाचं. पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने येते. ब्रेलची पाटी आणि टोचणी मी इथून आणते, कागद जाडच लागतो, तोही आणेन. तिच्याबरोबर मीही शिकणार आहे, म्हणजे तिला एकटं वाटणार नाही. टोचताना उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, हे मला अजून गोंधळवतं, तिला चटकन जमेल. दिव्यांगांच्या युडीआयडी कार्डासाठी आधार, फोटो आणि डॉक्टरांचे रिपोर्ट एका फायलीत लाव. पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, त्याला ते लागेल. जावईबापूंना म्हणावं, जिन्यात आणि मोरीकडे जायच्या वाटेवर मोठे दिवे बसवून घ्या, आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवा. हे याच आठवड्यात.

चंगाई सभेचं पुन्हा कुणी बोलावणं केलं तर माझा नंबर दे.

तुझी,
आत्या