एक्सेलमधली कबड्डी

तर झालं असं की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला, आणि ड्रीम११ वगैरे मंडळींनी पैशांच्या स्पर्धा बंद करून टाकल्या. आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगमधल्या आठ जणांची मोठीच पंचाईत झाली. पन्नास-शंभर रुपये हरण्याचं आमचं हक्काचं ठिकाण गेलं. मग आम्हीच ठरवलं, आपली लीग आपण काढू. पैसे नाहीत, अ‍ॅप नाही. एक एक्सेल शीट आणि प्रो कबड्डीचा बारावा हंगाम. शेवटी तळाला राहील त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची.

आता तुम्ही म्हणाल, क्रिकेट सोडून कबड्डी का? तर क्रिकेटमध्ये प्रत्येक जण एक्सपर्ट असतो आणि भांडणं संपत नाहीत. आणि खरं कारण म्हणजे अस्मादिक रायगडचे. आमच्याकडे कबड्डी शिकवावी लागत नाही.

२४ ऑगस्टला, रविवारी, आमच्या हॉलमध्ये ड्राफ्ट ठेवला. श्रावण आदल्याच दिवशी संपला होता, पण गणपती होईपर्यंत घरात नॉनव्हेज नाही असा मातोश्रींचा हुकूम. त्यामुळे वडापाववर भागवलं. बाहेर धो धो पाऊस, आत आठ लॅपटॉप. नियम साधे. प्रत्येकाने सात खेळाडू उचलायचे: तीन चढाईवाले, तीन पकडवाले, एक ऑलराउंडर. एकाने उचललेला खेळाडू दुसऱ्याला नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा आणि पुढच्या फेरीत तो उलटा फिरवायचा. म्हणजे ज्याला पहिला नंबर मिळाला त्याची पुढची पाळी थेट सोळावी. माझी चिठ्ठी सहावी निघाली. म्हणजे सहावा, अकरावा, बाविसावा असं करत जायचं.

मी आठवडाभर अभ्यास केला होता. (ऑफिसच्या वेळेत. असो.) पहिली गोष्ट, गेल्या वर्षीची बेरीज तशीच्या तशी घेता येत नाही. तेव्हा साखळीत प्रत्येक संघाचे २२ सामने होते, या वेळी १८. म्हणून सामन्यामागे सरासरी काढायची. दुसरी गोष्ट, चढाई आणि पकड एकाच तराजूत तोलायची नाही. परदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण घेतले. आणि पकडीत एका हंगामात १०० गुण गाठणारा पहिला माणूस नितेश कुमार, २०१८ च्या हंगामात. म्हणजे बचावातला विक्रमवीरसुद्धा चढाईवाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापाशी थांबतो. म्हणून आम्ही पकडीच्या गुणाला दुप्पट भाव दिला.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खेळाडू किती चांगला हे बघायचं नसतं. तो गेला तर पुढच्या पाळीपर्यंत त्या जागेवर कोण उरेल, आणि दोघांत फरक किती, हे बघायचं. आणि चौथी, माणूस अंगाने धड पाहिजे. २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलाइवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं, तोवरची सगळ्यात मोठी बोली. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला.

पहिला नंबर आमच्या जिमवाल्याचा. त्याने अर्थातच देवांक दलाल उचलला. २०२४ च्या हंगामात पाटण्याकडून ३०१ गुण, विचार करायचं कारणच नव्हतं. चौथ्या पाळीला सीएने शादलुईला नेलं. हा इराणी पठ्ठ्या दहाव्या हंगामात पुण्याकडे आणि अकराव्यात हरियाणाकडे होता, आणि दोन्ही वर्षी त्याचाच संघ विजेता. माझ्या शीटमध्ये तो दुसरा होता. मी फक्त वडापाव चावत बसलो. अकराव्या पाळीला मी पुणेरी पलटणचा अस्लम इनामदार घेतला. गेल्या हंगामात तो दुखापतीने अर्ध्यातून बाहेर गेला होता, त्यामुळे माझ्याच फॉर्म्युल्याने त्याचा रंग लाल दाखवला होता. पण नगरचा पोरगा, पलटणचा कॅप्टन... शीट बंद केली आणि नाव सांगितलं.

शेवटच्या पाळीला एक मध्यरक्षक उरला होता. त्याचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा काही दोष नाही. सामन्यामागे गुण जेमतेम एक. उरला म्हणून घेतला.

तीन दिवसांनी गणपतीला गावी गेलो, पेण तालुक्यात. हंगाम २९ तारखेला सुरू झाला. आरती आटपली की मी आणि बाबा टीव्हीसमोर. बाबा तरुणपणी गावच्या मंडळाकडून खेळायचे, डाव्या मध्याला. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन गुण भरतोय हे त्यांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्याला का शून्य?"

तोच माझा उरलेला गडी.

"बाबा, त्याने काही केलंच नाही."

"काही केलं नाही? अरे, कोपऱ्यावाल्याने घोटा धरला तेव्हा अंगावर कोण गेलं? हा गेला नसता तर त्या कोपऱ्यावाल्याला फरफटत मधल्या रेषेपर्यंत नेला असता. पॉइंट त्याच्या नावावर लागला, तो लागू दे. पण मघाशी चढाईवाला तीस सेकंद फिरून रिकामा गेला तो का गेला? ह्याने परतीची वाट धरून ठेवली होती म्हणून. दोनदा रिकामा गेला की तिसऱ्यांदा करो या मरो. तिथे घाईत सापडतो. तो पॉइंट तिसऱ्याच कोणाच्या तरी नावावर. तुझ्या त्या एक्सेलात हे कुठे लिहितोस?"

कुठेच लिहीत नव्हतो. आणि तेव्हा मला कबड्डी नाही, भलतंच आठवलं.

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा टीम लीड म्हणून अप्रेझल भरलं होतं. हाताखाली चार जण. त्यातल्या एकाने वर्षभरात सगळ्यात कमी तिकिटं बंद केली होती. शीट उघडली, सॉर्ट केलं, त्याचं नाव तळाला. त्याला सगळ्यात खालचं रेटिंग दिलं. नवीन आलेली दोन्ही मुलं काही अडलं की उठून त्याच्याच खुर्चीपाशी जायची, हे मला दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसायचं. पण त्याचा रकाना नव्हता. जूनमध्ये त्याने राजीनामा दिला. त्यानंतर त्या दोघांची तिकिटं आठ-आठ दिवस पडून राहायला लागली आणि मी त्यांना 'फोकस नाही' म्हणून लेक्चर दिलं. परतीची वाट कोण धरून होतं, ते कळायला मला बाबा लागले.

गौरी-गणपती झाले, मी कामोठ्याला परत आलो. बाबांनी मात्र एक वही घातली. रात्री सामने संपले की फोन, "घे लिहून, तुझ्या गड्याच्या आज सात साखळ्या." मी ग्रुपवर साखळीचा वेगळा रकाना सुचवला. सीए म्हणाला, "डेटाचा सोर्स तुझे वडील, त्याचं ऑडिट कोण करणार?" सात विरुद्ध एक मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. बरोबरच होतं म्हणा. खेळ मोजायचा तर सगळ्यांना दिसेल असंच मोजायला हवं. आकड्यांशी माझं भांडण नाही, आकडे नसते तर मी नुसते पलटणचेच सात गडी उचलले असते.

पलटण ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना खेळली आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. आमच्या लीगमध्ये मी पाचवा आलो. मिसळ जिमवाल्याने खिलवली. देवांक चांगलाच होता, बाकीच्या सहा नावांवर त्याने अभ्यासच केला नव्हता.

त्या सोडून गेलेल्या मुलाला मी दिवाळीत फोन केला. चांगली नोकरी आहे, पगार जास्त आहे. मी रेटिंगबद्दल बोललो. तो म्हणाला, "जाऊ दे ना सर, सिस्टमच तशी आहे." सिस्टम मीच भरली होती, पण त्याने मला सोडून दिलं.

आता पुन्हा अप्रेझल आलंय. या वेळी प्रत्येकाच्या नावापुढे एक जास्तीचा रकाना केला आहे: 'अडल्यावर कोणाकडे जातोस?' उत्तरं मागवली आहेत. वरून रेटिंगचा कोटा ठरलेला असतो, त्यामुळे कोणाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागेल, ते काही माझ्या हातात नाही. पण या वेळी कोणाला देतोय ते तरी नीट बघून देईन.

बाबांची वही गावी कपाटावर ठेवली आहे. पुढच्या हंगामाला नवीन पेन लागेल म्हणाले.