नाव नंतर, आधी रान

पारनेर, कर्जतकडची माणसं खापरपणजोबा शोधायला माझ्याकडे येतात ती आडनाव घेऊन. मी आधी रानाचं नाव विचारतो. जुन्या मोडी कागदांत आडनाव असेलच असं नाही. असतं ते ‘राणू बिन सखू’, म्हणजे सखूचा मुलगा राणू. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे ‘बिन’सुद्धा शेजारच्या नावांना चिकटलेला असतो. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. राणूचा सखू, सखूचा राणू. घरच्या आठवणीत दोन राणूंचा एकच होऊन बसतो.

रान मात्र जागचं हलत नाही. आजच्या गट नंबरवरून एकत्रीकरणाचा उतारा काढला की जुना सर्व्हे नंबर सापडतो. तिथून फेरफार आणि त्याआधीचे पाहणीचे कागद असं मागे मागे जाता येतं. ख्रिस्ती घरांना आणखी एक आधार असतो, मंडळीतल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली, त्यामुळे त्याच्या वह्या त्याआधीच्या नसतात.

पारनेरकडच्या एका घरात सांगत, राणूबांनी माळ फोडून ‘म्हसोबाची पट्टी’ वहितीला आणली आणि दुष्काळात पटकीनं गेले. (नावं मी बदलली आहेत.) ही पट्टी नेमकी कुठली, हे घरात एकट्या थोरल्या आजींना ठाऊक. त्यांनी बांधावर उभं राहून दाखवली, तेव्हा कुठे नंबर हाती लागला. 1850च्या सुमाराच्या मोजणीत त्या नंबरावर राणू बिन सखू होताच. पण कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत 1900 सालची, दुष्काळातली नोंद निघाली: राणू बिन सखू, पटकी, वय तीस. कोतवाल वय अंदाजानंच लिही, तरी पन्नास वर्षांपूर्वी शेतकरी असलेल्या माणसाचं वय कुणी तीस लावणार नाही. माळ फोडला तो आजोबानं, दुष्काळात गेला तो नातू.

घरच्यांना हे रुचलं नाही. मला मात्र त्यांची गोष्ट खोटी वाटत नाही. दोन्ही गोष्टी घडल्याच होत्या, सांगता सांगता एका माणसाच्या नावावर जमा झाल्या.

बायकांची नावं या कागदांत जवळजवळ नाहीतच. त्यासाठी नाशिकला पंचवटीत कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी बघायची. थोरल्या राणूच्या बायकोचं माहेर आजी टाकळी सांगतात. नगर जिल्ह्यात टाकळ्या पुष्कळ. त्यातली कोणती, ते आता पंचवटीतल्या नामावळीत पाहायचं आहे.