नदीकांठची वाट

आमच्या पोफळीस वाढलेल्या माणसाला, नदी पावसानें चढते आणि उन्हाळ्यानें उतरते, असें कोणीं सांगितलें तर तो मनांतल्या मनांत हंसतो. कोयनेचें पाणी मूळचें पूर्ववाहिनी. बोगद्यानें सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस वळवून तें आमच्या गांवच्या भूमिगत वीजगृहांत उतरविलें, त्याला 1962 पासून साठांहून अधिक वर्षें झालीं. तेथून तें कोळकेवाडीच्या धरणांत जातें, पुन्हां यंत्रें फिरवितें, आणि अवजल असें कांहींसें उपरें नांव घेऊन वाशिष्ठीला मिळतें. दूरच्या शहरांत विजेची मागणी वाढली कीं इकडे निरभ्र आकाशाखालीं पाणी चढतें. "ह्या पाण्याला पायरव नसतो," असें माझी आई म्हणे. कालव्याच्या कडेला गेल्याबद्दल तिच्या हातचा मारही मीं खाल्ला आहे. एवढें शिक्षण पदरीं असतां पुढें जें घडलें तें खरें म्हणजे घडावयास नको होतें.

चार वर्षांपूर्वीं जानेवारींत वीस विद्यार्थी बरोबर घेऊन मी कोलाडास कुंडलिकेवर गेलों. हवा भरलेल्या रबरी होड्यांतून तेथील फेसाळ पाण्यावर स्वार होण्याची हौस आतां आपल्याकडेही बरीच रुजली आहे. कुंडलिका ही या बाबतींत वाशिष्ठीची थोरली बहीणच. ज्या धरणाविरुद्ध सेनापति बापट यांनीं 1921 सालीं मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला, त्या धरणाचें पाणी 1927 पासून घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहांत येतें. पुढें रवाळजे येथून तें सोडलें म्हणजे नदी उसळूं लागते. पाणी सुटलें नाहीं तर होड्या कांठावरच पडून राहतात.

आम्ही पोंचलों तेव्हां दुपार कलली होती आणि पात्र रिकामें होतें. मधोमध एक ओघळ, दोहों बाजूंस गोटे, आणि वळणावर वाळूचा असा सुरेख पट्टा, कीं मुलांनीं पाठीवरचे तंबू तेथेंच टाकले. कांठावर एक पाटी होती. मीं ती वाचली. पण सूचना या दुसऱ्यांसाठीं असतात, ही सुशिक्षितांची श्रद्धा माझ्याही अंगीं आहे. इतक्यांत म्हशी हांकीत एक म्हातारे गृहस्थ आले. आमच्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "गुरुजी, हितं राहूं नका. सकाळी पाणी सुटतं. आणि आलात तें माझ्या वालांतनं आलात."

मागें वळून पाहिलें. भात निघाल्यावर ओलीवर पेरलेला वाल शेंगांवर आला होता, आणि वीस जोडी बुटांनीं त्यांतून सरळ वाट पाडली होती. लाज वाटावयास हवी होती. ती वाटली नाहीं, राग आला. विद्यार्थ्यांसमोर प्राध्यापकाला कोणी चूक दाखविली म्हणजे त्याला पुस्तक आठवतें. मी म्हणालों, "आजोबा, 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें नदीचें पात्र सरकारच्या मालकीचें आहे. येथें बसावयास कोणाची परवानगी लागत नाहीं."

"नदी सरकारची हाय ना," ते शांतपणें म्हणाले, "पण तुम्ही नदीत उतरलात कुठनं?"

माझ्या अधिनियमांत याला उत्तर नव्हतें. वर, त्या वळणाच्या थोडें पुढें बायकांचा पाणवठा होता. तंबू पडले असते तर सकाळीं त्या बायांनीं जावें कोठें, हा विचार आम्हां एकवीस पदवीधर-अर्धपदवीधरांपैकीं एकालाही शिवला नव्हता. तंबू उचलले. मुलें कुरकुरलीं. आजोबांनीं दाखविलेल्या गांवामागच्या माळावर आम्ही मुक्काम केला. तेथें नदी दिसत नव्हती, नुसतें कुत्र्यांचें भुंकणें ऐकूं येत होतें.

पहांटेस मला जाग आली आणि मी एकटाच खालीं गेलों, या वेळीं बांधावरून. थोडा वेळ कांहींच नव्हतें. मग गोट्यांमधली ओल काळी झाली, ओघळ रुंदावला, आणि पाहतां पाहतां वाळूचा तो पट्टा नाहींसा झाला. गर्जना नाहीं, लोट नाहीं. आमचे तंबू तेथें असते तर पाणी आधीं अंथरुणांना कळलें असतें. बियासच्या कांठीं, हिमाचल प्रदेशांत, 8 जून 2014 रोजीं लारजी धरणांतून सोडलेल्या पाण्यानें हैदराबादहून सहलीस आलेले 24 विद्यार्थी वाहून गेले. ती बातमी मीं वर्गांत हळहळून वाचून दाखविली होती. तेव्हां ते विद्यार्थी मला विद्यार्थी वाटले होते. त्यांच्या बरोबरच्या शिक्षकाच्या जागीं मी स्वतःला कधीं उभें केलें नव्हतें.

अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यनमध्यें आपल्या आपण होड्या नेणाऱ्यांची परवान्यासाठीं सोडत निघते; शेकोटी लोखंडी परातींत पेटवावी लागते, आणि माणसाची विष्ठासुद्धां डब्यांत भरून परत न्यावी लागते. हें सांगितलें कीं आपले लोक नाक मुरडतात. आपल्याकडे ऋषिकेशच्या वरच्या अंगास गंगेच्या वाळूवर तंबूंची नगरेंच वसलीं, तेव्हां डिसेंबर 2015 मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला आंत पडून त्यांना आवर घालावा लागला. न्यायाधीशांना नदीकांठच्या शौचकूपांचा विचार करावा लागावा, यांत नाक मुरडण्याजोगें अधिक आहे असें मला वाटतें.

निघण्यापूर्वीं मुलांना घेऊन मी आजोबांकडे गेलों. वालाच्या नुकसानीचे पैसे पुढें केले. त्यांनीं ते घेतले नाहींत. मोडलेलीं रोपें उभीं करून मातीचा भर द्या, एवढेंच म्हणाले. मुलांनीं तासभर तें काम केलें. मीही केलें, आणि त्या दिवशीं होडींत बसल्यावर पाठ दुखत असल्यानें वल्हें कांहीं नीट हातीं धरवेना.

तेव्हांपासून आम्ही दरवर्षीं जातों. जाण्याआधीं मी आजोबांना फोन करतों: पाणी केव्हां सुटतें, वाट कोठून, माळ मोकळा आहे कां. यंदां त्यांनीं सगळीं उत्तरें दिलीं आणि फोन ठेवतां ठेवतां विचारलें, "पोरं किती आणताय?" मी म्हणालों, "अठरा." थोडा विचार करून ते म्हणाले, "मग येताना मोठं मडकं घेऊन या. शेंगा भरल्यात. पोपटी लावूं."