चांदीडोंगरीचा जांभळा दगड

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून भिलाईला बहिणीकडे जातो. भाऊजींचं हथखोजच्या औद्योगिक भागात छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तिथल्या टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून एक दगड ठेवलेला असतो. फिकट जांभळा, मध्येच हिरवट, कडेला पांढऱ्या गारेचा पट्टा.

"मामा, ही काच आहे ना?" भाचीने विचारलं.

काच नव्हे, फ्लोराइट. राजनांदगाव जिल्ह्यातल्या चांदीडोंगरीच्या जुन्या खाणीतला. नाव ऐकून चांदीची खाण वाटते, पण तिथली प्रसिद्धी या रंगीत दगडाचीच.

भाऊजींनी वेल्डिंगचा रॉड तिच्या हातात दिला. काही रॉडच्या बाहेरच्या लेपात चुनखडीबरोबर याच दगडाची पूड असते. तिच्यामुळे वितळलेली मळी पातळ होते, जोडावर सहज पसरते आणि थंड झाल्यावर हातोडीने निघून येते. पोलादाच्या भट्टीतही हेच काम. लोखंडातली घाण ओढून घ्यायला चुना घालतात, पण शुद्ध चुना वितळायला सुमारे 2,600 अंश सेल्सिअस लागतात आणि भट्टीत असतात 1,600च्या आसपास. थोडं फ्लोराइट पडलं की मळी वाहू लागते. नावही त्यावरूनच आलं. लॅटिनमध्ये 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे.

दुसऱ्या दिवशी डोंगरगडला निघालो. बम्लेश्वरीच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढताना मी धापा टाकत होतो आणि भाची खडक बघत होती. हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे अगदी कालचा!

याच डोंगरगड ग्रॅनाइटमध्ये चांदीडोंगरीच्या शिरा आहेत. खडकाला भेगा पडल्या, खालून फ्लोरिन असलेलं गरम पाणी त्यात शिरलं. निवता निवता त्यातलं कॅल्शियम आणि फ्लोरिन एकत्र येऊन फ्लोराइट बनलं, शेजारी गार साचली. मोकळी जागा मिळाली तर फ्लोराइटचे स्फटिक चौकोनी ठोकळ्यांसारखे वाढतात. गंमत म्हणजे फोडल्यावर ते ठोकळ्यासारखे फुटत नाहीत. चार दिशांनी चिरतात आणि दोन पिरॅमिड बुडाशी जोडावेत तसा आठ बाजूंचा तुकडा निघतो. घरी ओळखायचं तर चाकूने ओरखडा काढा. फ्लोराइटवर उठतो, गारेवर उठत नाही.

काही फ्लोराइट अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 मध्ये 'फ्लुओरेसन्स' हा शब्द याच दगडावरून काढला. नोटा तपासायच्या टॉर्चखाली आमचा तुकडा मात्र ढिम्म! भाची जरा हिरमुसली.

जुन्या खाणीत आम्ही उतरलो नाही. कडा ढासळतात, खड्ड्यात पाणी साचतं; मुलांना घेऊन जायची ती जागा नव्हे.

परतताना एका गावात हातपंप दिसला. भाची बाटली घेऊन धावली, तर बहिणीने थांबवलं. असल्या खडकात मुरलेलं पाणी फ्लोराइड थोडं थोडं विरघळवून घेतं. चवीला, रंगाला काही कळत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण फारच असेल तर मोठ्यांची हाडं नि सांधे आखडतात. आमच्या विदर्भातही चंद्रपूर, यवतमाळच्या गावांना हे दुखणं ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला तर फ्लोराइटचा साठाही आहे.

पंपावर पाणी भरणाऱ्या बाईंना विचारलं, याची तपासणी झाली आहे का? त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या कडेवरच्या मुलाला नुकतेच दुधाचे दात येत होते.

भाचीने बाटली भरली, पण प्यायली नाही. झाकण घट्ट लावून वर कागद चिकटवला आणि गावाचं नाव, तारीख लिहिली. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. सोमवारी भाऊजी बाटली तिकडे देऊन आले. त्यांनी बाईंच्या घरचा फोन नंबरही घेऊन ठेवला आहे. रिपोर्ट अजून यायचाय.