नानाचा अंगठा
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे आबा कल्याणच्या बाजारात हमाली करतात. कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'माथाडी कामगार' असे लिहिते. आबांना ते वाचून दाखवले की ते म्हणतात, "हमाल लिही की. शाई वाचंल." १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि आबांसारख्यांच्या घामाला मंडळ मिळाले, हजेरी मिळाली, हे मी पुस्तकात वाचले आहे. पण कायद्याच्या पुस्तकात पाठीचे वर्णन नसते. आबा कामाला लागले तेव्हा पोते शंभर किलोचे होते, आता ते पन्नासचे असते. पाठ मात्र शंभराच्या दिवसांतलीच आहे. गेल्या आषाढात ती एकाएकी धरली. डॉक्टरांनी मणक्याचे चित्र उजेडाला धरून पाहिले आणि सांगितले, ओझे बंद.

ओझे बंद म्हणजे मजुरी बंद, हे डॉक्टरांना सांगून उपयोग नव्हता. आईने धुण्याभांड्याची आणखी दोन घरे धरली. मामाचा गावाहून निरोप आला: पोरगी बारावी होऊन वर एक वर्ष शिकली, पुष्कळ झाले; चांगले स्थळ आहे, दिवाळीत येऊन बोलून घ्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे किती शिकले म्हणजे पुष्कळ होते हे ठरवायला घरात कुणाकडे मापच नाही. आई धाकट्याला घेऊन दोन दिवस आधी गेली. मागून मी आणि आबा निघालो.

आमचे गाव पारनेर तालुक्यात. एस.टी. मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाने वर चढते. वैशाखरे गाव गेले की नाणेघाटाची वाट फुटते. आबांनी ही जागा पंचवीस वर्षे खिडकीतून पाहिली होती. त्या वाटेने वर काय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आमच्या इतिहासाच्या सरांनी सातवाहन शिकवताना फळ्यावर ब्राह्मी अंक काढून दाखवले होते, ते मी वहीत उतरवून घेतले होते. ती वही पिशवीत होती. मी म्हटले, "आबा, उतरायचं का?" आबांनी माझ्याकडे पाहिले. "गावाला पोचायची घाई कुणाला हाये?" असे म्हणून त्यांनीच कंडक्टरला हाक मारली.

सकाळचे नऊ वाजले होते. पावसाळ्यात इथे उलटा उडणारा धबधबा पाहायला मुंबईची गर्दी लोटते म्हणतात. आम्हाला वाटेत फक्त मोळी घेऊन उतरणाऱ्या दोन बाया भेटल्या. फराळाच्या डब्यांची पिशवी आबांच्या खांद्यावर. मी मागितली तर म्हणाले, "पिशवीला वझं म्हणत्यात का?" अर्धी चढण झाली. झाडी संपून दगडी पायऱ्या लागल्या तेव्हा त्यांनी काही न बोलता पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागले. माझ्या आठवणीत आबांनी दुसऱ्याच्या हाती ओझे दिलेले मी प्रथमच पाहिले.

त्यांचे लक्ष सारखे पायाखाली होते. मध्येच थांबून म्हणाले, "ही वाट वझं वाहणाऱ्यानं काढलीया. बघ, छातीवर चढ घेत न्हाई. वळती, टेकायला जागा देती, मग पुन्हा चढती." मी त्यांना सांगितले की आपले कल्याण तेव्हाही मोठे बंदर होते, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूरांची नावे कोरलेली आहेत. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. आबा म्हणाले, "म्हंजे आपल्याच बाजारचा माल." नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

घाटमाथ्याच्या जरा खाली कातळात कोरलेले लेणे आहे. मूर्ती नाही, नक्षी नाही, साधा चौकोनी दगडी कोठा. वाटसरूंच्या विसाव्याची जागा असावी तसा. पण भिंतींवर, डावीकडे आणि उजवीकडे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा तो लेख म्हणून ओळखला जातो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य यांना वंदन आहे, आणि पुढे अश्वमेध-राजसूय यज्ञांत दिलेल्या दानांची यादी: गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापणे. १८२८ च्या सुमारास विल्यम साइक्सने हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले. भगवानलाल इंद्रजींनी इथल्या अंकांचा उलगडा करण्यासाठी पुष्कळ खटपट केली. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता वर नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. आबा म्हणाले, "नावं ऱ्हायली, आन् माणसं कुठं गेली?"

दानाची यादी मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"आन् वझेकऱ्यांना काय दिलं?"

"दक्षिणा यज्ञ करणाऱ्यांना, आबा."

"बरोबर हाये," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तेवढा राग आला, आणि सरांच्या तासाला तो का आला नव्हता याचे नवल वाटले.

मग मी वही काढली. सरांनी सांगितले होते, इथे एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. झिजलेल्या अक्षरांच्या गर्दीत मला काही सापडेना. आबा माझ्या वहीकडे एकदा पाहत, भिंतीकडे एकदा पाहत. त्यांना अक्षर येत नाही, पण गोदामाच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून त्यांनी हजारो पोत्यांचा हिशेब ठेवला आहे आणि त्यात त्यांना कुणी फसवू शकलेले नाही. त्यांनीच भिंतीजवळ बोट नेले. "ह्ये बघ. दोन." खरोखरच त्या दोन रेघा होत्या, एकाखाली एक. आबा हसले. "आमच्या उभ्या, ह्यांच्या आडव्या. हिशेब त्योच."

वर खिंडीत एकाच दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. आबांनी त्याला हात लावून त्याच्या वजनाचा अंदाज घेतला आणि हा इथेच कोरला असणार, हे उचलून आणणारा माणूस जन्मलेला नाही, असा निकाल दिला. बाजूला कोकणावर झुकलेला उंच सुळका आहे. त्याचे नाव विचारले तेव्हा मी सांगितले, नानाचा अंगठा. मस्टरवर रोज अंगठा उमटवणारे आबा मान वर करून त्याच्याकडे बघत राहिले. "एवढा मोठा अंगठा! याला सही कुणी शिकवली न्हाई वाटतं."

घाटघरपर्यंत चालत, तिथून जीपने जुन्नर, पुढे एस.टी. गावी पोचायला रात्र झाली. सकाळी मामा आला. आबांनी त्याला अर्धा तास नाणेघाटच सांगितला. शेवटी मामा कंटाळून म्हणाला, "ते असू द्या दाजी. पाव्हण्यांना काय कळवू?" आबा म्हणाले, "कळव की अजून दीड वरीस हाये." आणि आईला पाठीमागे घ्यायला उशी मागितली. पैशाचे कसे करणार, हे मामाने विचारले नाही, आईने विचारले. आबांनी उत्तर दिले नाही.

कल्याणला परतल्यावर ते मुकादमाकडे गेले आणि काट्यावर वजने टिपून घ्यायचे काम मागून आले. मजुरी कमी आहे, पण ओझे नाही. अडचण एवढीच, की आकडे त्यांना ओळखता येतात, लिहायची सवय नाही. रात्री जेवणे झाली की माझ्या जुन्या पाटीवर आम्ही दोघे बसतो. सातापर्यंत आलो आहोत. चाराला पीळ नीट पडत नाही. दोन मात्र ते अजून दोन आडव्या रेघांनीच काढतात, आणि मी पुसायला लागले की पाटी मागे ओढतात.