गार्वींचं नाव घेणारा

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरचं सेंट अ‍ॅन्स बे हे छोटं गाव. १५०३ साली कोलंबसची किडीनं पोखरलेली जहाजं याच किनाऱ्याला लागली आणि तो वर्षभर तिथं अडकून पडला. १८८७ साली काळ्यांचे नेते मार्कस गार्वी याच गावात जन्मले. पुढे १९४०च्या दशकात विन्स्टन रॉडनीही इथंच जन्मला. जग या रेगे गायकाला बर्निंग स्पिअर म्हणतं. १९८०च्या ‘हेल एच. आय. एम.’ या अल्बममध्ये त्यानं कोलंबसला सरळ खोटारडा ठरवलं आहे. बेटावर आधीपासून माणसं नांदत होती, मग शोध कसला लागला? हा जाब त्याच किनाऱ्यावरच्या पोरानं विचारावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

‘बर्निंग स्पिअर’ हे नाव त्यानं घेतलं ते कीनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा यांच्यावरून. गाणं सुरू करण्याआधीच त्याची नजर कुठं लागलेली होती, ते यावरून कळतं.

*

१९६९ सालची आठवण तो नेहमी सांगतो. सेंट अ‍ॅनच्या डोंगरात बॉब मार्ली भेटला. शेताकडे निघाला होता, बरोबर गाढव आणि लावायची रोपं. गाण्यात यायचं तर काय करू, असं रॉडनीनं विचारलं. किंग्स्टनला स्टुडिओ वनमध्ये जा, मार्ली म्हणाला. रॉडनी गेला आणि त्याची पहिली तबकडी निघाली. मार्लीची कीर्ती आभाळाएवढी झाली, पण हा डोंगरातला सल्ला मी त्याच्या मोठ्या कामांत धरतो.

*

‘मार्कस गार्वी’ हा अल्बम, १९७५. निर्माता ओचो रिओसचा जॅक रूबी. बासवर रॉबी शेक्सपिअर आणि ॲस्टन बॅरेट, ड्रमवर हॉर्समाउथ वॉलेस, ट्रम्पेटवर बॉबी एलिस. रेगेची चाल समजून घ्यायची तर बासकडे कान द्यावा. गिटार मधल्या मोकळ्या जागांत फक्त ठोके भरते, धून खरी बास वाहून नेतो. ड्रमचा जोर बहुधा तिसऱ्या मात्रेवर. समेवर यायची सवय असलेल्या आपल्या कानाला इथं पहिली मात्रा मोकळी सापडते, आणि थोड्या वेळानं त्या मोकळ्या जागेतच अंग डोलू लागतं.

या सगळ्यावर स्पिअरचा आवाज. गोड नाही, तालमीत घोटलेला तर नाहीच. तो ओळ पुढे नेत नाही, तिथंच थांबून पुन्हा म्हणतो, पुन्हा म्हणतो. ‘स्लेव्हरी डेज’मध्ये गुलामीचे दिवस आठवतात का, एवढं एकच विचारणं चालू राहतं. मागचे दोघे, रूपर्ट विलिंग्टन आणि डेलरॉय हाइंड्स, त्याला धरून राहतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लक्षात येतं की प्रश्न आपल्याला आहे आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

*

आयलंड या रेकॉर्ड कंपनीनं हा अल्बम परदेशी काढताना त्याचं ध्वनिमिश्रण बदललं, गोऱ्या श्रोत्यांना रुचेल असं सौम्य केलं. स्पिअरला ते आवडलं नाही आणि त्याचं बरोबरच होतं. पुढे त्यानं स्वतःचं लेबल काढलं. पत्नी सोनियासह आपल्या गाण्यांचा कारभार हातात घेतला. काळ्या माणसानं स्वतःचा धंदा उभा करावा, हे गार्वींचं सांगणं. १९१९ साली त्यांनी त्यासाठी ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढली होती. गाण्यात गार्वी आणि व्यवहारात परकी कंपनी, असं स्पिअरनं केलं नाही.

*

स्पिअर ज्या रास्ताफारी पंथाचा, त्या रास्तांच्या लेखी गार्वी म्हणजे संदेष्टा. स्वतः गार्वी मात्र रास्ता नव्हते. इथिओपियाचे सम्राट असलेल्या ज्या हैले सेलासींना रास्ता देव मानतात, त्यांच्यावर १९३७ साली गार्वींनी कडक टीका केली होती. भक्तीला अशी अडचण पेलता यावी लागते. रास्तांनी ती पेलली. जमैकातल्या १९६३च्या कोरल गार्डन्स प्रकरणात पोलिसांनी त्यांना धरपकड करून झोडपलं, जटा कापल्या, तेही त्यांनी सोसलं. सरकारची माफी आली ती २०१७ साली.

*

‘रॉकर्स’ (१९७८) या चित्रपटात रात्रीच्या वेळी, समुद्राकाठी, स्पिअर ‘जाह नो डेड’ (जाह, म्हणजे देव, मेलेला नाही) गातो. एकही वाद्य नाही, मागे फक्त लाटा. १९७५ साली सेलासी वारले, त्या बातमीला दिलेलं हे उत्तर. श्रद्धा काय असते हे दाखवणारं एवढं उघडंवाघडं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. स्पिअरचं काहीच ऐकलं नसेल, तर इथून सुरुवात करा.

*

दोन ग्रॅमी मिळाले, २००० आणि २००९ साली. चांगलं झालं. पण त्याचं मोठं काम ते नव्हे; गार्वींचं नाव जागतं ठेवणं, हे.

*

१९२३ साली अमेरिकेत टपाल-फसवणुकीच्या आरोपावरून गार्वींना शिक्षा झाली, १९२७ साली त्यांना हद्दपार केलं, आणि १९४० साली ते लंडनमध्ये वारले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली. माफी म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे. निर्दोष ठरवण्याची मागणी अजून उभी आहे.